पुढच्या गावचा चहा

आमच्या गावाचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर गाव भांडायला येईल, आणि नाही सांगितलं तर अमडापूरच्या आसपासची सगळी गावं म्हणतील, "हे आमचंच लिहिलं लेकानं." म्हणू द्या. एवढं सांगतो की ते चिखली-खामगाव सडकेवर आहे, तिथं बस थांबते आणि बस थांबते तिथंच शेषरावचं हॉटेल होतं. त्या हॉटेलातला चहा इतका गोड, की सडकेवर सांडला तर दुसऱ्या दिवशी मुंग्यांची यात्रा भरायची आणि पाळणेवाले चौकशीला यायचे. हे मी ऐकीव सांगतो. मी कंडक्टर होतो, रोज तिथूनच गाडी न्यायचो, पण स्वतःच्या गावात मला पित्ताचा त्रास होता. गावाची शीव ओलांडली की पित्त उतरायचं आणि पुढच्या गावी मी दोन-दोन कप रिचवायचो.

हे पित्त आमच्या सबंध बौद्धवाड्याला होतं. त्याचं मूळ शेषरावच्या बाहेरच्या भिंतीत होतं. त्या भिंतीत एक कोनाडा आणि कोनाड्यात कान तुटलेले कप. आपण जायचं, कप उचलायचा, आपणच विसळायचा, खाली धरायचा. शेषराव वरून धार सोडणार; त्याचा हात असा बसलेला, की बैलगाडीत उभं राहून त्यानं खालच्या बाटलीत धार सोडली असती. प्यायचं, पुन्हा विसळायचं, ठेवायचं. आतल्या बाकावरच्यांना कपबशी. आम्हाला बशी नाही. उकळत्या चहाला बशी नसली की माणूस काय करणार? जीभ भाजून घेणार आणि "वा शेषराव" म्हणणार.

पण शेषराव काही अंतर्ज्ञानी नव्हता. बसमधून उतरलेला परका माणूस कोणाचा, हे त्याला कुठून कळणार? कपडे बरे दिसले की या पाव्हणे, बसा, कपबशी. त्यामुळे आमच्या लोकांत एक चालच पडली होती. चहा प्यायचा तर पुढच्या गावचा. अमडापूरचे आमचे भाऊबंद आमच्या गावी येऊन आत बसायचे आणि आमचे लोक अमडापूरला जाऊन. वाटेत दोन्ही टोळ्यांची गाठ पडली की सोयरिकीसारखी विचारपूस.

"कसा आहे आज तुमच्या इकडचा?"

"साखर कमी आहे, पण बशी मोठी आहे."

ही चाल ज्याला गिळता आली नाही तो श्रावण मास्तर.

मास्तर आमच्याच वाड्यातला, गावातल्याच शाळेवर लागलेला. वर्णानं इतका गोरा, की चैतात त्याच्याकडे पाहायचं तर डोळ्यांवर हात धरावा लागे. आणि शेषराव तव्याच्या बुडासारखा. चुलीमागं बसला की धुरात नुसते दात दिसायचे. या दोघांना शेजारी उभं करून एखाद्या परदेशी माणसाला विचारलं असतं, की यातला शिवायचा कोणता आणि न शिवायचा कोणता, तर त्यानं हमखास उलटं उत्तर दिलं असतं. मास्तरची सगळी विद्या या उलट्या उत्तरातून निघाली होती.

तांब्यात निखारे घालून तो सदऱ्याला इस्त्री करायचा. बोलताबोलता चपलेतून पाय काढून अंगठ्यानं धुळीत नकाशा काढायची त्याला खोड होती. नकाशा नेहमी एकच, अमेरिका. वरून रुंद, खाली निमुळती. त्याच्याशी बोलून घरी निघालं की आपण कुठल्यातरी राज्यावर पाय देतो आहोत असं वाटायचं. गावानं त्याला नावच पाडलं, अमेरिका मास्तर.

ही अमेरिका त्याला शेषरावनंच दिली, हे शेषरावला मरेपर्यंत कळलं नाही. त्याचं असं, की भजी आम्हालाही आतल्यासारखीच मिळायची, कागदात बांधून. कागद फेकून द्यायचा असतो, त्याला बाट लागत नाही. असाच एकदा मास्तरनं भज्यांचा पुडा सोडला, भजी मला दिली आणि कागद वाचत बसला. वर्तमानपत्राचा जुना तुकडा, तेलानं पार आरपार झालेला. त्यात एक चित्र. अमेरिकेतल्या एका हॉटेलात चार काळी पोरं ओळीनं बसली आहेत, चांगली शर्ट-टाय घालून, आणि मागं उभे राहून गोरे पोट्टे त्यांच्या डोक्यावर साखर ओतताहेत. पोरं नुसती समोर बघताहेत.

"पाह्यलं का?" मास्तर म्हणाला.

"पाह्यलं. साखर वाया जाऊन राह्यली."

"मूर्खा, ते चहाच्या वक्ताले बसले अन् उठलेच नाही. त्याईले कोणी देत नव्हतं म्हणून बसून राह्यले."

मी शेवटचं भजं तोंडात टाकलं. मास्तरनं कागद दोन बोटांनी वाळत घातला. त्यानंतर भजी आम्ही पुष्कळ खाल्ली, तरी तसा कागद पुन्हा कधी निघाला नाही. पण ग्रामपंचायतीचा रेडिओ होता, तालुक्याच्या वाचनालयातली शिळी वर्तमानपत्रं होती. तिकडे काळे लोक बसमधल्या बरोबरीच्या जागेसाठी बस सोडून वर्षभर पायी चालले हे कळलं, त्या दिवशी मास्तर माझ्या गाडीत चढला आणि एका जमीनदाराच्या मांडीला मांडी लावून चिखलीपर्यंत गेला. जमीनदार घोरत होता. मास्तरच्या डोळ्यांत मात्र पाणी.

"इथं हे फुकट भेटलं रे आपल्याले," तो उतरताना म्हणाला. "तिकीट जात विचारत नाही. पण उतरलं की पुन्हा तेच. गाडीत आपण माणूस अन् फाट्यावर कोनाडा."

त्यानं चौथीच्या वर्गात भूगोलाचा तास घेतला, तो तर गावात गाजला. अमेरिकेत गोरे काळ्यांना कसं वागवतात ते मुलांना सांगून झालं आणि त्यानं विचारलं, "आता सांगा, आपल्या गावात काळं कोण?" मुलांना काय, त्यांनी शेषरावच्या पोराकडं बोट केलं, मग एकमेकांकडं केलं आणि एका पोरीनं खिडकीतून सडकेनं चाललेल्या सरपंचाकडं केलं.

"मंग बाहेरच्या कपात च्या कोणाले पाहिजे?"

"सरपंचाले!" वर्ग ओरडला.

संध्याकाळी सरपंच शाळेत. "मास्तर, पोराईले काय शिकवून राह्यले तुम्ही?"

"भूगोल."

"मंग नद्या शिकवा ना बुवा. डोंगर शिकवा."

आमच्या वाड्यात विहारापुढं बसून या विषयावर जे वाद झाले, ते ऐकून निंबावरचे कावळे पंथ बदलतील की काय असं मला वाटे. मास्तरच्या विरुद्ध बाजूला नामदेव आबा. वाड्यातला सगळ्यांत जाणता माणूस, मास्तरचा सख्खा चुलता, वयानं एवढा की इंग्रजाच्याही आधीचं वऱ्हाडातलं निजामाचं राज्य आपणच घालवलं असं सांगायचा आणि खोटं पाडायला कोणी जिवंत नव्हतं.

"श्रावण्या," आबा म्हणायचे, "तो काळा, त्याचं लांबून दिसते. आपलं कुठं दिसते? त्याचं अन् आपलं एक कसं?"

"एक नाहीच आबा. त्याले बोटीत घालून दुरून आणलं. आपल्याले कोणी आणलं नाही, आपण इथलेच, अन् तरी बाहेरचे. पण मले हे सांगा, शेषरावले आपली जात दिसते का? नाही दिसत. अमडापूरच्या माणसाले तो बशी देते. मंग विटाळ आपल्या अंगावर आहे का त्याच्या डोळ्यात? तिकडे बी तसंच आहे. कातडं हे निमित्त. कातडं नसतं तर त्याईनं आडनाव विचारलं असतं."

"विचारू दे. आपल्याले पुढचं गाव आहे ना."

मास्तर यावर पेटायचा. अंगठ्यानं अमेरिका पुसून टाकायचा. "तेच तं मेलं आपल्याले! त्या काळ्याले पुढचं गाव नाही. जिथं जाईन तिथं त्याचा रंग त्याच्या आधी पोचते. पळाले जागाच नाही, म्हणून तो बसला. आपण उठतो, कारण आपल्याले पुढचं गाव आहे. तिथं च्या कोणाले भेटते? मले नाही भेटत. कोण्या नसलेल्या पाव्हण्याले भेटते. मले माह्या गावात पाहिजे. माहं नाव मालूम असलेल्या माणसाच्या हातून पाहिजे."

"बशीसाठी एवढं?"

"हाव. बशीसाठी."

मी मध्येच विचारलं होतं, की हे तिकडचं इकडं कालवून आपलं दुःख कमी होणार आहे का. तो शांतपणे म्हणाला, "तुलना केल्यानं दुःख कमी होत नाही बाबू. पण ते एकटं राहत नाही."

आणि मग एका सोमवारी, शाळा सुटल्यावर, इस्त्रीचा सदरा घालून श्रावण मास्तर शेषरावच्या आतल्या बाकावर जाऊन बसला.

आता तुम्हाला वाटेल दगड चालले असतील, काठ्या निघाल्या असतील. मलाही तेच वाटलं होतं. मी तिकिटांच्या पेटीचं कुलूप खिशात घालून तयार होतो. काही झालं नाही. शेषरावनं हात जोडले. "या मास्तर, बसा. पण दूध संपलं." दुसऱ्या दिवशी स्टो बिघडला. तिसऱ्या दिवशी साखर संपली. मास्तरच्या समोर बाकीचे फुर्रकन बशीतून चहा ओढताहेत आणि शेषराव म्हणतो, हा सकाळचा होता. मास्तर पोरं घरी पाठवून रोज यायचा, सूर्य बुडेपर्यंत बसायचा आणि उठून जायचा. त्याच्याशी कोणी भांडलं नाही. बाकावर त्याच्या शेजारी बसलेला माणूस सहज आठवल्यासारखा उठायचा, एवढंच.

"मले कोणी मारत बी नाही बे," तो एकदा मला म्हणाला. "तिकडे डोक्यावर साखर ओततात. इथं साखर संपली म्हणतात."

मी त्याला खरं ते सांगितलं. "मास्तर, तिकडे चित्र काढणारा होता. इथं कोण आहे?"

कोणीच नव्हतं. उलट हॉटेल थांब्यावरच असल्यानं परगावच्या लोकांना वाटायचं, हा गोरापान माणूस गाडीची वाट पाहतो आहे. बायाबापड्या त्याला विचारायच्या, "भाऊ, खामगावची गेली काय?" आणि तो, त्या काळ्या पोरांसारखा समोर बघत बसायचं ठरवून आलेला माणूस, मान वळवून सांगायचा, "नाही माय, येऊन राह्यली." जगातला एवढा मोठा लढा त्यानं आमच्या फाट्यावर आणून उभा केला आणि लोकांनी त्याला वेळापत्रक विचारलं.

कायदा नव्हता असं नाही. कायदा होता, त्यानं ठाण्यात अर्ज केला, पोलीस जमादार आला. जमादार येईपर्यंत कोनाड्यातले कप गेले होते आणि तिथं शेंदूर फासलेला दगड, त्यावर झेंडूचं फूल.

"ही तं देवाची जागा आहे साहेब," शेषराव म्हणाला.

जमादारानं दगडाला हात जोडले, आत बसून चहा घेतला, बशी जिभेनं पुसायची तेवढी बाकी ठेवली आणि म्हणाला, "यांनाही द्या हो एक कप. कशाला कटकट?"

"दिला असता साहेब. पण शेवटचं दूध तुम्हीच पेले."

त्या वर्षी कापूस बरा आला होता. बोंडं फुटली आणि वेचणीला आमच्या वाड्यातल्या बायांना कोणी बोलावलं नाही. दवंडी नाही, ठराव नाही, भांडण नाही. "या वक्ती दुसरे लोक सांगतले," इतकंच. दळण दळायला गेलं तर चक्की बंद. किराणा मागितला तर मीठ संपलेलं. सबंध गावच शेषराव झालं होतं, ज्याच्याकडे जावं त्याच्याकडचं सगळं संपलेलं. बाया पहाटेच्या अंधारात कोसकोस चालून परमुलखी वेचणीला जायच्या. पुढचं गाव आता चहासाठी नव्हे, भाकरीसाठी लागू लागलं.

आबा मास्तरच्या दारात आले तेव्हा मी तिथं होतो. निजामाचं राज्य घालवणाऱ्या त्या म्हाताऱ्यानं डोक्याची टोपी काढली आणि पुतण्याच्या पायाजवळ ठेवली.

"तुह्या एका कपापायी साऱ्या वाड्याच्या चुली इझल्या रे श्रावण्या. नोको बसू. तुले आण आहे माही."

"आबा, टोपी उचला."

"तिकडचे लोक एक झाले होते ना? तूच सांगतं. वर्षभर पायी चालले. आम्ही नाही चालू शकत. आमच्यात नाही तेवढं. आता काय करतं?"

त्यानं टोपी उचलली, झटकली, आबांच्या डोक्यावर ठेवली आणि आत जाऊन भिंतीकडं तोंड करून बसला. त्याची बायको सुमनवहिनी उठली. तिनं चूल फुंकली, बिनदुधाचा चहा केला, लग्नातली एकुलती एक कपबशी काढली आणि त्याच्यापुढं ठेवली.

"घ्या. बशी आहे. अन् मले तुमचं नाव बी मालूम आहे."

मास्तरनं बशी उचलली आणि त्याला रडू फुटलं. असं रडताना मी पुरुष पाहिला नव्हता. मी दाराबाहेर जाऊन उगाच माझी तिकिटांची पेटी उघडझाक करत बसलो. आतून त्याचा आवाज आला, "तूच एकटी आहेस काय वं दुनियेत?"

तो दुसऱ्या दिवशी बसायला गेला नाही. वेचणी पुन्हा सुरू झाली, चक्की फिरली, मीठ आलं. कोनाड्यातला देव उठला आणि कप परत आले. महिनाभरात मास्तरच्या बदलीचा कागद आला. संग्रामपूरच्याही पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याची शाळा. सुमनवहिनी गावातच राहिली, त्याला एकट्याला माझ्याच गाडीनं सोडलं. सबंध प्रवासात तो एवढंच बोलला, "पाह्य, मलेच पुढच्या गावी धाडलं."

माझी गाडी आठवड्यातून एकदा त्या बाजूला जायची. संग्रामपूरच्या पुढं एका फाट्यावर पळसाखाली कुडाचं हॉटेल होतं, तिथं थांबा. पावसाळ्याच्या तोंडाला एकदा उतरलो तर आतल्या बाकावर मास्तर. वाळला होता, गोरेपणावर हळद चढली होती, पण सदऱ्याला तीच तांब्याची इस्त्री. हॉटेलवाला, एक भला जाडजूड गृहस्थ, "गुर्जी, गुर्जी" करत आला आणि त्यानं त्याच्यापुढं कपबशी ठेवली. वाफाळता चहा, वर साय, बशी ही एवढी मोठी.

मला हायसं वाटलं. म्हटलं, सुटला एकदाचा.

मास्तरनं कपाला हात लावला नाही. तो हॉटेलवाल्याला म्हणाला, "दादा, थांबा जरा. मी कोण आहे ते सांगतो." आणि त्यानं सांगितलं. गाव सांगितलं, आडनाव सांगितलं, बाप कोण होता आणि बापाला गावात काय म्हणत ते सांगितलं, आपण बौद्ध कधी झालो ते सांगितलं. वर्गात हजेरी घ्यावी तसं, शांत, स्वच्छ. "आता तुम्हाले मालूम झालं. आता द्यायचा तं द्या."

सगळ्या बाकांवरचं फुर्र थांबलं. हॉटेलवाल्याचा हात कपाकडे गेला, अर्ध्यावर थांबला. तो चिडला नव्हता. काकुळतीला आला होता.

"पण सांगाले कोण सांगतलं होतं तुमाले गुर्जी?" तो म्हणाला. "गुपचूप पेऊन घ्यायचा ना. मी इचारलं होतं काय?"

"नाही इचारलं," मास्तर म्हणाला. "तेच तं."

मागून ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. गाडीला उशीर झाला होता. मी चढलो, घंटी मारली आणि मागच्या काचेतून पाहिलं. मास्तर समोर बघत बसला होता, हात मांडीवर. हॉटेलवाला त्याच्या बाजूला उभा. मध्ये कप. कोणी उचलत नव्हतं, कोणी नेत नव्हतं. मग धूळ उडाली.

त्या पावसाळ्यात पायथ्याच्या गावांतून ताप फिरला आणि त्यात श्रावण मास्तर गेला. निरोप माझ्याच गाडीतून आला. सुमनवहिनीला सांगायचं काम माझ्याकडेच आलं. ते मी इथं लिहीत नाही. मी वाढवून सांगणारा माणूस, आणि ते वाढवता येत नाही.

पाऊस उघडल्यावर त्या फाट्यावर पुन्हा उतरलो. हॉटेलवाल्यानं खाकी कपडे ओळखले, "या कंडक्टरसाहेब, बसा" म्हणाला. इतकी वर्षं तो मला बसा म्हणत होता. मी बसलो आणि विचारलं, "त्या दिवशी मास्तरनं चहा पेला का?"

"मी आत गेलतो. बाहेर आलो तं कप रिकामा अन् गुर्जी नव्हते. पेले का सांडला, मले काय मालूम?"

"अन् कपाचं काय केलं?"

"धुतला."

"धुऊन आत ठेवला का बाहेर?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं. कपड्यांकडं नाही, तोंडाकडं. निरखून, बराच वेळ.

"तुमी त्याईचे कोण?"

"गाववाला," मी म्हणालो. "त्याच्याच वाड्यातला."

तो मागं सरला. त्यानं खांद्यावरचं फडकं काढलं आणि माझ्या पुढ्यातला रिकामा बाक पुसत म्हणाला, "दूध संपलं हो साहेब आज."

त्याच्या पाठीमागं भगोन्यातलं दूध उतू चाललं होतं. चुलीत पडून चर्र आवाज होत होता, जळका वास सुटला होता, आणि आम्ही दोघंही ते ऐकत होतो.

ड्रायव्हरनं भोंगा दिला. मी उठलो, गाडीत चढलो आणि घंटी मारली. पुढं अजून पुष्कळ गावं होती.